सुपारीची पारख

पारखीच्या दिवशी सकाळीच वरद पंपाच्या खोपीमागे सापडला, आणि यज्ञेश्वरांना वाटलं, घ्या, शुभकार्यात पहिली शिंक.

ते पोफळींना पाणी सोडायला वाडीत गेले होते. खोपीआडून पांढरा लोट वर आला, आणि त्याला चक्क पिकल्या पेरूचा वास. चैत्रात कुठले आलेत पेरू, म्हणून ते वाकून बघतात तर त्यांचा एक्केचाळीस वर्षांचा मुलगा, नवी मुंबईतल्या कंपनीतला मोठा साहेब, हातात पेनाएवढी नळी धरून शाळकरी पोरासारखा दचकून उभा.

“काय रे ते?”

“काही नाही, बाबा. वाफ आहे.”

“वाफ इडलीला येते. तुझ्या तोंडातून कशी येत्येय?”

वरदने नळी खिशात घातली. प्रकरण तिथेच दोघांत मिटलं असतं. पण एखादी गोष्ट दोघांत मिटवणं यज्ञेश्वरांना जन्मात जमलं नव्हतं. पाणी सोडायचं राहिलं, ते तरातरा घराकडे निघाले आणि पडवीत पाय ठेवायच्या आधीच त्यांनी जाहीर केलं, “श्यामले, तुझ्या चिरंजीवांनी घरात धूर आणलाय!”

“घरात कुठे? वाडीत ओढत असेल,” श्यामलाबाई आतून म्हणाल्या. त्या घावन घालत होत्या, आणि घावन घालताना त्यांचं निम्मं लक्ष तव्यावर आणि उरलेलं मुलाची बाजू घेण्यावर असायचं.

या घरात धुराचं नाव काढायची सोय नव्हती. यज्ञेश्वरांचे वडील, अण्णा, याच पडवीत विड्या ओढत आणि खोकत गेले. त्यांना पोहोचवून आल्यावर यज्ञेश्वरांनी खिशातलं सिगारेटचं पाकीट चुलीत घातलं ते घातलंच. तल्लफ आली की सुपारीचं खांड तोंडात टाकायचे. ‘सिगारेट मी सुपारीच्या जिवावर सोडली’ हे वाक्य मुरुडपासून रेवदंड्यापर्यंत ज्याने ऐकलं नाही असा माणूस विरळा. बायकोच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून चूल काढून गॅस आणला, तोही आळीत सगळ्यांच्या आधी. पर्यटकांना मागच्या दोन खोल्या द्यायला लागले तेव्हा पहिली पाटी लावली ती दरांची नव्हे, धूम्रपान बंदीची. असा हा निर्मळ माणूस. आपल्या घरात काही वाईट शिरलंय, हे त्याला कुणी सांगितलं असतं तरी त्याने ऐकून घेतलं असतं का, कोण जाणे.

न्याहारीला वरदची पुरती शोभा झाली. त्याची बायको हेमांगी एरवी सासऱ्यांशी जेवढ्यास तेवढं बोलायची, पण आज ती सरळ त्यांच्या पंगतीला जाऊन बसली.

“मी सांगून थकले, बाबा. बंदी आहे आपल्याकडे त्यावर. चोरून मागवतो. बेडरूमचे पडदेसुद्धा पेरूचे झालेत.”

“सिगारेट सुटावी म्हणून घेतलं होतं ते,” वरद म्हणाला, आणि म्हणाल्यावर त्याने जीभ चावली.

“सिगारेट! म्हणजे तीही होती!” यज्ञेश्वरांनी अडकित्त्यात सुपारी धरली. “अरे, एक सोडायला दुसरं धरायचं, ही कुठली रीत?” कट्कन खांड पडलं, ते त्यांनी गालात सारलं. “आपल्या कुळात आहे का कुणाला व्यसन?”

वरद त्या अडकित्त्याकडे बघून हसला. हेमांगीने पदर तोंडाला लावला. श्रद्धा मात्र हसली नाही.

श्रद्धा, त्यांची धाकटी, कालच संध्याकाळच्या एसटीने माणगावहून आली होती, बरोबर तिची आठ वर्षांची लेक, पूर्वी. जावईबापू मितेश बँकेच्या कामात अडकले म्हणून मागे राहिले. श्रद्धा माणगावच्या शाळेत शिकवते. तिच्या पुढ्यात एकच घावन होतं, तेही तिने नारळाच्या रसात कुस्करून लगदा केलं होतं आणि चहाच्या चमच्याने ती ते कडेकडेने तोंडात सारत होती. यज्ञेश्वरांना कालपासून ते खुपत होतं. काल आमटीत तिखट आहे म्हणून तिने साधा दहीभात कालवला. बोलायची तीही ओठ मुडपून, शब्द मोजून. पगार हातात आला की माणसं अशी होतात, त्यांना वाटलं. याच मुलीच्या हसण्याने एके काळी समोरच्या माडावरचे कावळे उडायचे.

“तू सांग गो ह्याला. मास्तरीण आहेस.”

श्रद्धाने चमचा खाली ठेवला. “सोड, दादा. आजच सोड. मागून पस्तावून काही उपयोग नसतो.”

“ऐका!” यज्ञेश्वर खूश झाले. वरद बहिणीकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला, आणि त्याने खिशातली नळी काढून कुणाला न दिसेल अशी ताटाखाली सरकवली. पण एवढ्यात फाटकाशी गाडी वाजली, आणि यज्ञेश्वर वाफ, धूर, मुलगा, सगळं विसरून उठले.

आजचा दिवसच तसा होता. निसर्ग वादळात या वाडीतल्या पोफळी काड्यांसारख्या मोडून पडल्या, त्याला आता सहाएक वर्षं होत आली. पुष्कळांनी वाड्या विकल्या. यज्ञेश्वरांनी सत्तरीला टेकलेल्या वयात नवी रोपं लावली, आणि रोज सकाळी उठून त्यांना तापकरी मुलासारखा हात लावून येऊ लागले. यंदा पहिलं भरघोस पीक आलं. खळ्यात महिनाभराहून जास्त वाळवलं, सोललं. आज पारख. या घराची ही जुनी रीत: व्यापाऱ्यासमोर प्रत्येक ढिगातली मूठभर सुपारी फोडायची, आणि घरातल्या माणसाने ती चाखून दाखवायची. वरून सगळ्या सारख्याच गोऱ्यागोमट्या. पण एखाद्या ढिगात लागणारी निघते. खाल्ली की घाम फुटतो, छातीत आवळतं. ती डोळ्यांना कळत नाही, ती जिभेलाच कळते.

आणि जीभ या घरात एकीचीच होती. श्रद्धा सात वर्षांची असताना एकदा बापाच्या मांडीवर बसून तिने कापट्या चाखल्या आणि म्हणाली, “बाबा, ही चावते.” तो ढीग खरंच लागणारा निघाला. त्या दिवसापासून पारख तिची. श्यामलाबाई नखाएवढी कापटी पाडून द्यायच्या, यज्ञेश्वर ती लेकीच्या जिभेवर ठेवायचे, आणि अलिबागचे व्यापारी श्वास रोखून त्या चिमुरड्या तोंडाकडे बघायचे. बाप म्हणून त्यांना आयुष्यात त्याहून मोठा मान कधी मिळाला नाही.

कमलेश शेठ चपला काढून वर आले. त्यांच्या वडिलांपासूनचा हा व्यवहार. “अरे वा, श्रद्धाबेन पण आली! पछी तो काम थई गयुं, काका, झालंच समजा. चाखा, आणि मला रवाना करा.”

परातीत फोडलेल्या सुपाऱ्या मांडल्या होत्या. यज्ञेश्वरांनी पाट सरकवला. “ये गो. बैस.”

“मी नाही, बाबा.” श्रद्धा दारातच उभी होती. “मी सुपारी सोडली.”

“घरची सुपारी सोडली?”

“घरचीच सोडली. बाहेरची कधी खाल्ली होती मी?”

कमलेश शेठनी छताकडे पाहिलं. यज्ञेश्वरांची कानशिलं तापली. परक्या माणसासमोर, आणि तेही आज! सहा वर्षं ज्या दिवसाकडे डोळे लावून बसलो त्या दिवशी पोटच्या पोरीने पाटावर बसू नये? ते काहीतरी लागेल असं बोलणारच होते, तेवढ्यात परातीजवळ बसलेल्या पूर्वीने तोंड वाकडं केलं.

“आजोबा, ही चावते.”

तिने कधी कापटी उचलली, कुणी पाहिलं नव्हतं. तीच मान कलती, तोच एक डोळा बारीक, आणि शब्दसुद्धा तोच. यज्ञेश्वरांच्या अंगावर काटा आला. “कुठली गो? दाखव.” पूर्वीने बोट ठेवलं. कमलेश शेठनी त्यातलंच खांड तोंडात टाकलं, चघळलं, आणि बघता बघता त्यांच्या कपाळावर घाम तरारला. “बाप रे,” म्हणत ते खांबाला टेकले.

“आली!” यज्ञेश्वर ओरडलेच. “माझ्या लेकीची जीभ नातीला आली! श्यामले, बघितलंस का? थांब गो बाळा, आता ही सांग, ही गोड आहे का?” दुसऱ्या ढिगातली कापटी चिमटीत धरून त्यांनी पूर्वीच्या जिभेवर ठेवली.

श्रद्धा कशी आली ते कुणाला कळलं नाही. तिने बापाचा हात झटकला, परात उलटली, सुपाऱ्या पडवीभर गडगडल्या. तिने पूर्वीची हनुवटी धरून बोट आत घातलं आणि ती कापटी काढून अंगणात भिरकावली. “थूक! सगळं थूक! जा, नळावर चूळ भर!”

पोर भेदरून पळाली. हेमांगी तिच्यामागे गेली.

“श्रद्धा!” यज्ञेश्वर ओरडले. “बापावर हात उचललास तू?”

तिने त्यांच्यासमोर खाली बसून त्यांचा उजवा हात हातात घेतला, त्याची तीन बोटं जुळवली आणि म्हणाली, “बाबा, तुमच्या तोंडात ही उभी जातात. सगळ्यांच्या जातात. आता माझ्या तोंडात घाला.”

“काय खुळ्यासारखं...”

“घाला ना. तुम्हाला काय नवीन आहे?”

त्यांचा हात तिने स्वतःच तोंडाशी नेला. एक बोट गेलं. दुसरं दातांशी अडलं. त्यांना वाटलं ती मुद्दाम मिटून घेत्येय, पण तिच्या डोळ्यांत जोर लावल्याचं पाणी आलं होतं. आत गेलेलं बोट गालाला लागलं. तो गाल नव्हता. आतून सुंभासारखा ताठ दोर लागत होता.

त्यांनी हात असा मागे घेतला की जणू पोळला.

“कधीपासून?” वरदने विचारलं. त्याचा आवाज अगदी खाली गेला होता.

“जांभई देताना अडायला लागलं, त्याला चार वर्षं झाली. मग भाकरी जाईना. मग तिखट. अलिबागच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. तुकडा काढून तपासला.” ती पुन्हा ओठ मुडपून, शब्द मोजून बोलत होती, आणि ती असं का बोलते ते आता सगळ्यांना दिसत होतं. “कॅन्सर नाही. अजून नाही, असं म्हणाले. जन्मभर तपासत राहायचं. गालात इंजेक्शनं देतात, आणि आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक दातांत धरून तोंड उघडायचा व्यायाम. महिन्याभरात एखादी काडी वाढते, कधी तीही नाही. पहिल्यासारखं होणार नाही म्हणाले.”

“सुपारीने?” यज्ञेश्वर म्हणाले. “छे! मी चाळीस वर्षं खातोय. मला काय झालंय? माझी आजी नव्वदीपर्यंत चघळत होती. अगो, जी आपण गणपती म्हणून पाटावर मांडतो, ती विष कशी असेल? त्यात तंबाखू आहे का? धूर आहे का?”

“मीही डॉक्टरांशी हेच भांडले, बाबा. अगदी हेच. ते म्हणाले, तंबाखू लागतच नाही, सुपारी एकटी पुरते. सगळ्यांना होत नाही. पण ज्याला व्हायचं त्याला, जितकी लहानपणी सुरुवात तितकं लवकर.” ती थांबली. “कधीपासून खाता विचारलं. सातव्या वर्षापासून म्हटलं, तर त्यांना वाटलं ऐकण्यात चुकलं; सातवीत असल्यापासून का, असं पुन्हा विचारलं.”

कमलेश शेठनी घाम पुसला आणि ते हळूच अंगणात उतरले. घरच्या माणसांत परक्याने कुठवर उभं राहायचं, ते त्यांना कळत होतं.

यज्ञेश्वरांनी बायकोकडे पाहिलं. एवढं ऐकूनही श्यामलाबाई जागच्या हलल्या नव्हत्या, आणि ते त्यांच्या ध्यानात आलं.

“तुला माहीत होतं.”

“दिवाळीत कळलं. चकली हातात घेऊन पोर रडली.”

“आणि मला कुणी बोललं नाही! मी कोण या घरात?”

“तुम्हाला काय सांगायचं होतं?” श्यामलाबाईंचा आवाज चढला. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, पण तो असा चढलेला यज्ञेश्वरांनी ऐकला नव्हता. “रोज पहाटे त्या रोपांना हात लावून येत होतात. तुमची वाडी उभी राहत्येय, आणि तुमच्याच वाडीने पोरीचं तोंड मिटलं, असं सांगायचं? आणि मी तरी कुठल्या तोंडाने सांगणार? अडकित्ता माझ्या हातात होता.”

“आईला मीच नको म्हटलं,” श्रद्धा म्हणाली. “सहा वर्षं तुम्ही या पिकाची वाट बघत होतात. म्हटलं, एकदा पारख पार पडू दे, तुम्हाला हसताना बघू दे, मग सांगू. उद्या सांगणार होते. पण तुम्ही पूर्वीच्या तोंडात घातलीत.”

“मी... मी प्रेमाने दिली गो.”

“माहीत आहे. रागावून दिली असतीत तर मी तेव्हाच थुंकून टाकली असती, बाबा.”

यज्ञेश्वर पाटावर बसले, जिथे तिला बसवणार होते तिथेच. त्यांना तिचं कॉलेज आठवलं. हॉस्टेलवर बाहेरची रंग घातलेली सुपारी खाईल, तब्येत बिघडवून घेईल, म्हणून ते दर पंधरा दिवसांनी घरच्या कातरलेल्या सुपारीचा डबा एसटीच्या कंडक्टरबरोबर धाडत. गाडी चुकली तर दुसऱ्या गाडीसाठी ताटकळत उभे राहत. लेकीसाठी केवढं करतो हा बाप, असं स्टँडवरची माणसं म्हणायची, आणि त्यांना ते ऐकायला आवडायचं. विडी वाईट हे त्यांना कळलं, कारण अण्णा डोळ्यांसमोर खोकत होते. सुपारी खोकत नाही. ती गप्प बसून तीस वर्षं काम करते. मुलाच्या तोंडातली वाफ शंभर पावलांवरून दिसली, आणि मांडीवरच्या मुलीचं तोंड त्यांनी स्वतःच्या बोटांनी मिटवत आणलं. इतका मूर्खपणा आपण आयुष्यात दुसरा केला नाही, आणि हा एकच पुरला, असं त्यांना वाटलं. रडावंसं वाटत होतं, पण गालात अजून सकाळचं खांड होतं. ते त्यांनी तळहातावर थुंकलं आणि आता त्याचं काय करायचं ते न सुचून मूठ वळली.

वरद खाली बसून सांडलेल्या सुपाऱ्या गोळा करू लागला. सकाळचा सूड घ्यायची याहून चांगली संधी त्याला मिळाली नसती. पण तो एवढंच म्हणाला, “बाबा, उठा. कमलेश शेठ थांबलेत.”

“माल न्या म्हणावं त्यांना,” यज्ञेश्वर म्हणाले. “विकायला तर लागणारच. त्यावर तर जगतोय.” हे म्हणतानाही त्यांना स्वतःची लाज वाटली. कुणाच्या कुठल्या लेकीच्या तोंडात जाईल ही, हा विचार आजवर एकदाही मनाला शिवला नव्हता. आता तो जायचा नाही.

“लागणारा ढीग वेगळा काढा फक्त,” कमलेश शेठ पायरीवरून म्हणाले. “बेबीने बरोबर पकडली हां, काका.”

नेमकी तेव्हाच पूर्वी परसातून आली. चूळ भरून भरून फ्रॉक ओला झाला होता, डोळे रडून लाल. पण शेठचं बोलणं तिच्या कानावर पडलं होतं. आईची नजर चुकवून ती आजोबांच्या गुडघ्याशी येऊन उभी राहिली. मोठी माणसं कशावरून भांडली, ते तिला पुरतं कळलं नव्हतं. तिला एकच गोष्ट हवी होती.

“आजोबा, मी बरोबर ओळखली ना?”

यज्ञेश्वरांनी तिच्याकडे पाहिलं. तीस वर्षांपूर्वी अशाच एका तोंडाने हाच प्रश्न विचारला होता, आणि त्यांनी त्या पोरीला डोक्यावर घेऊन सबंध आळीत मिरवलं होतं.

“नाही गो,” ते म्हणाले. “चुकलीस.”

“पण कमलेशकाकांना घाम आला!”

“उन्हातून आलेत ते.”

कमलेश शेठनी यज्ञेश्वरांकडे पाहिलं, श्रद्धाकडे पाहिलं. “हां बेटा,” ते रुमालाने मान पुसत म्हणाले, “गरमी बहु छे आज.”

“साधीच होती ती सुपारी,” यज्ञेश्वर म्हणाले. “तुला त्यातलं काही कळत नाही. तुझ्या जिभेत ते नाहीच. पुन्हा हात लावू नकोस.”

पोरीचा खालचा ओठ थरथरला. ती एक क्षण उभी राहिली, हे आजोबा थट्टा करतायत का ते बघत. मग वळली आणि धावत जाऊन आईच्या कुशीत शिरली. “आजोबा खोटं बोलतायत! मला कळली होती! आई, सांग ना त्यांना!”

श्रद्धाने तिला घट्ट धरलं. लेकीच्या डोक्यावरून तिने बापाकडे पाहिलं.

“आजोबा कधी खोटं बोलत नाहीत, बाळा,” ती हळूहळू, एकेक शब्द सोडवत म्हणाली. “ते सांगतात ते खरं मानायचं. मी नेहमी मानलं.”